निउए: पासपोर्ट न्यूझीलंडचा, कारभार स्वतःचा!

ऑकलंडहून रविवारी सकाळी विमानात बसा, साडेतीन तासांनी निउएला उतरा, की तिथे शनिवार दुपार! वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडलेली असते.

टोंगा, सामोआ आणि कुक बेटांच्या मधोमध 260 चौरस किलोमीटरचा हा प्रवाळाचा कातळ समुद्रातून वर आलाय. नदी एकही नाही. पावसाचं पाणी चुनखडीत जिरतं, गाळ समुद्रात जात नाही, म्हणून किनाऱ्याचं पाणी कमालीचं नितळ. इथला काटुआली हा समुद्रसाप जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाही.

1774 मध्ये कॅप्टन कुकने तीनदा उतरायचा प्रयत्न केला, तिन्ही वेळा निउएवासीयांनी त्याला परतवलं. त्याने चिडून नकाशावर ‘रानटी बेट’ असं नाव टाकलं. आपल्या घराचा उंबरठा राखणाऱ्यांवर हा शिक्का बसावा, हा धडधडीत अन्याय होता.

आता खरा पेच. निउए देश आहे का? 19 ऑक्टोबर 1974 पासून इथे स्वराज्य आहे, तेही न्यूझीलंडशी ‘मुक्त सहयोग’ ठेवून. पंतप्रधान आपला, कायदे आपले. नागरिकत्व मात्र न्यूझीलंडचं. वस्ती जेमतेम 1,700 आणि विधानसभेत 20 सदस्य: 14 गावांचे 14, सगळ्या बेटाचे मिळून 6. म्हणजे साधारण 85 माणसांमागे एक आमदार! न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेले निउएवंशीय तर 30 हजारांवर आहेत.

संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व नाही, पण युनेस्को आणि जागतिक आरोग्य संघटनेत निउए आहे. भारताने 2012 मध्येच राजनैतिक संबंध जोडले. अमेरिकेला त्यासाठी 2023 उजाडलं. माझ्या मते जो स्वतःचे कायदे करतो आणि जगाशी करारमदार करतो, तो देशच.

चलन न्यूझीलंड डॉलरच, तरी निउएच्या नावाने मिकी माऊसची नाणी निघतात. संग्राहक ती आवडीने घेतात. 2020 मध्ये तर अख्खा देश ‘काळोखे आकाश’ राखणारा म्हणून मान्यता पावला, असा जगातला पहिलाच.

आणि समुद्र? निउएच्या हक्काचं पाणी 3 लाख 17 हजार चौरस किलोमीटर, अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा जास्त! त्यातल्या 40 टक्के भागात मासेमारी बंद आहे. 2023 पासून 148 अमेरिकन डॉलर भरून कुणालाही त्यातल्या एका चौरस किलोमीटरचं 20 वर्षांचं पालकत्व घेता येतं.