साखळी जागेवर, गिअर हबच्या पोटात

हैदराबादच्या बाह्य वळण रस्त्यालगत १ ऑक्टोबर २०२३ रोजी सौरछताखालचा सायकलमार्ग खुला झाला आणि त्याची छायाचित्रे देशभर फिरली. नानकरामगुडा ते तेलंगणा पोलीस अकादमी हा ८.५ किलोमीटरचा आणि नरसिंगी ते कोल्लूर हा १४.५ किलोमीटरचा, असे दोन टप्पे मिळून हा मार्ग २३ किलोमीटरचा आहे. माथ्यावरील सौरपटलांची क्षमता १६ मेगावॉट आहे. छताखाली ऊन लागत नाही आणि पावसापासूनही बराच आडोसा मिळतो. परंतु कोणी सायकलस्वार त्या छताखाली राहत नाही. बंजारा हिल्स, ज्युबिली हिल्स ही नावेच सांगतात की हे शहर ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर वसले आहे. घरापासून कचेरीपर्यंतच्या वाटेत चढ, उतार, धूळ आणि पावलोपावली सिग्नल असतात. सायकलच्या गिअरची परीक्षा होते ती तिथे.

आपल्याकडे गिअरची सायकल म्हटली की मागच्या चाकावर एकाशेजारी एक रचलेल्या दातेरी चकत्या आणि साखळीला त्यांवरून इकडून तिकडे ढकलणारा डिरेलर डोळ्यांसमोर येतो. ही यंत्रणा हलकी, स्वस्त आणि कार्यक्षम आहे; शर्यतीत तिला तोड नाही. मात्र तिचे दोन स्वभावदोष रोजच्या प्रवासात जाचतात. पहिला हा की साखळी फिरत असल्याखेरीज गिअर बदलत नाही. चढावर सिग्नल लागला, सायकल जड गिअरमध्ये थांबली, की हिरवा दिवा लागल्यावर पाय पॅडलवर उभा राहतो आणि मागून हॉर्न सुरू होतात. दुसरा दोष असा की सगळा संसार उघड्यावर मांडलेला असतो. हैदराबादला तो धुळीने माखतो. आपल्याकडे जांभ्याची लाल माती, खारा वारा आणि चार महिन्यांची धार. डिरेलरचा लोंबता हात स्टँडवर शेजारच्या सायकलचा धक्का लागूनही वाकतो, आणि मग गिअर आपल्या मर्जीने उड्या मारू लागतात.

या दोन्ही तक्रारींवरचा उपाय शंभर वर्षांहून जुना आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील स्टर्मी-आर्चर कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभीच तीन गिअरचा हब बाजारात आणला. त्यात सारे गिअर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मध्यावरील नळकांड्यात, बंदिस्त असतात. बाहेर पुढे एक चकती, मागे एक चकती आणि त्यांवरून सरळ जाणारी साखळी एवढेच दिसते. लांबून पाहणाऱ्याला ती बिनगिअरची साधी सायकलच वाटते.

आतली रचना सूर्यमालेसारखी आहे आणि तंत्रज्ञांनी तिला नावेही तशीच दिली आहेत. मधोमध सूर्यचक्र असते. ते एक्सलला पक्के जोडलेले असल्याने फिरत नाही. त्याभोवती लहान ग्रहचक्रे एका पिंजऱ्यात बसवलेली असतात, आणि सर्वांना वेढणाऱ्या कड्याला आतून दाते असतात. स्टर्मी-आर्चरच्या प्रसिद्ध ‘एडब्ल्यू’ हबमध्ये सूर्यचक्राला २० आणि कड्याला ६० दाते आहेत. साखळीने पिंजरा फिरवला आणि चाकाला गती कड्याकडून दिली, तर पिंजऱ्याच्या ६० फेऱ्यांत कडे ८० फेऱ्या घेते. वेग एक-तृतीयांशाने वाढतो. उलट साखळीने कडे फिरवले आणि गती पिंजऱ्याकडून घेतली, तर कड्याच्या ८० फेऱ्यांना चाकाच्या ६० होतात; वेग पाऊणपट, पण चढावर तेवढाच हलकेपणा. मधल्या गिअरमध्ये साखळीची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. हँडलवरची कळ दाबली की आतला लहानसा खटका सरकून यांतली एक जोडणी निवडतो. दाते एकमेकांत कायमचे गुंतलेले असल्यामुळे सायकल उभी असतानाही गिअर बदलता येतो. पॅडलवर भार असताना मात्र बदलू नये. पाय क्षणभर सैल सोडायचा, एवढी सवय लावून घ्यावी लागते.

पुढे हीच कल्पना वाढत गेली. शिमानोच्या नेक्सस मालिकेत तीन, सात आणि आठ गिअरचे हब आहेत. जर्मनीतील रोलॉफचा हब १४ गिअरचा आहे. लंडन आणि पॅरिसच्या सार्वजनिक सायकलींना तीन गिअरचा हब बसवला गेला, तो उगाच नव्हे. दिवसभर अनोळखी हातांत फिरणारी, उघड्यावर भिजणारी सायकल कमी दुरुस्तीत चालली पाहिजे, हा तिथला हिशेब होता.

‘आठच गिअर? माझ्या सायकलला तर एकवीस आहेत,’ हा आक्षेप हमखास येतो. एकवीस हा आकडा फसवा आहे. पुढे ४२, ३४, २४ आणि मागे १४ ते २८ दात्यांची सायकल घेतली, तर सर्वांत जड गिअर ३ आणि सर्वांत हलका सुमारे ०.८६, दोहोंतील अंतर साडेतीन पट. मधले बरेचसे जोड एकमेकांच्या इतके जवळ असतात की पायाला फरक कळत नाही. आठ गिअरच्या नेक्सस हबची व्याप्ती सुमारे तीन पट आहे आणि त्यात एकही गिअर दुबार येत नाही. रोलॉफची व्याप्ती तर पाच पटींहून अधिक आहे.

उणिवाही आहेत. आठ गिअरचा हब सुमारे दोन किलो वजनाचा असतो आणि ते वजन मागच्या चाकातच येते. दात्यांच्या घर्षणात थोडी शक्ती खर्ची पडते. स्वच्छ, तेल दिलेल्या डिरेलरपेक्षा हा हब थोडा मागेच राहतो. मळलेल्या डिरेलरशी तुलना केली तर ही तफावत फारशी उरत नाही. भारतीय बाजारात अशा सायकली विरळ आहेत, सुटा हब बहुधा आयात करावा लागतो आणि तो महाग पडतो. बिघाड क्वचित होतो, पण झालाच तर कोपऱ्यावरचा कारागीर तो उघडायला सहसा धजावणार नाही. मागचे चाक काढायचे तर केबल सोडवून नट खोलावे लागतात, म्हणून पंक्चर ही डोकेदुखी मानली जाते. हा पाश्चात्त्य आक्षेप मात्र आपल्याकडे अर्धाच लागू पडतो. आपला पंक्चरवाला चाक न काढताच एका बाजूने टायर उकलून ट्यूब बाहेर ओढतो आणि ठिगळ लावून मोकळा होतो. ट्यूबच बदलायची असेल तेव्हाच खटाटोप.

साखळी सरळ रेषेत चालत असल्याने ती हळू झिजते, आणि तिला पूर्ण चेनकव्हर घालता येते. पावसाळ्यात कपडे वाचतात ते त्यामुळे. साखळीऐवजी न गंजणारा, तेल न मागणारा दातेरी पट्टाही लावता येतो. पण पट्टा साखळीसारखा तोडून जोडता येत नाही. त्यासाठी मागच्या बाजूला उघडणारी खास फ्रेम लागते. जुन्या सायकलवर हब चढवणाऱ्याने आणखी दोन गोष्टी आधी पाहाव्यात. मागच्या चिमट्याची रुंदी हबच्या एक्सलशी जुळली पाहिजे, आणि साखळी ताणण्यासाठी चाक मागे-पुढे सरकवता येईल अशी लांबट खाच फ्रेमला हवी. अशी खाच आपल्या जुन्या काळ्या रोडस्टर सायकलींना असते. नव्या गिअरवाल्या सायकलींना बहुधा नसते, आणि मग साखळी ताणणारे वेगळे चाक बसवावे लागते.