निसर्ग चक्रीवादळानंतरची उभारणी

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला धडकले. ताशी 100 किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने रायगडमधील श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा आणि रत्नागिरीतील दापोली, मंडणगड तालुक्यांत विजेचे खांब, घरांची व शाळांची छपरे, नारळी-पोफळीच्या बागा कोसळल्या.

अशा वेळी कामांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रथम रस्त्यांवरची झाडे हटवावी लागतात, कारण त्याशिवाय खांब, तारा आणि माणसे गावापर्यंत पोहोचत नाहीत. त्यानंतर वीज येते. नळपाणी योजनांचे पंप आणि मोबाइलचे मनोरे विजेवरच अवलंबून असल्याने वीज गेली की पाणी व संपर्कही तुटतो. महावितरणने राज्याच्या इतर भागांतून कर्मचारी कोकणात पाठवले. तरीही दुर्गम वाड्यांना दीर्घकाळ अंधारात राहावे लागले.

तात्पुरती दुरुस्ती म्हणजे पुनर्बांधणी नव्हे. पडलेल्या खांबाच्या जागी तसाच खांब उभारला, तर पुढचे वादळ तोही पाडते. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने कोकणाला पुन्हा तडाखा दिला. अशा वादळांचे नुकसान टाळण्यासाठीच भूमिगत वीजवाहिन्या, बहुउद्देशीय निवारा केंद्रे आणि खारे पाणी अडवणारे बंधारे यांवर राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पाचा भर होता. भूमिगत वाहिनीचा खर्च जास्त असतो, पण वाऱ्याने ती तुटत नाही.

किनाऱ्यावरील प्रत्येक सार्वजनिक बांधकाम पुढच्या वादळाचा विचार करूनच व्हायला हवे.