ब्रँडचं नाव एकाचं, गूगलवर जाहिरात दुसऱ्याची! हे कायद्याला चालतं का?

घर बदलायचं असतं. कुणीतरी एका चांगल्या 'पॅकर्स अँड मूव्हर्स' कंपनीचं नाव सुचवतं. आपण ते नाव गूगलवर टाकतो आणि सगळ्यात वर जी लिंक दिसते तिच्यावर क्लिक करतो. त्या लिंकच्या वर बारीक अक्षरांत 'स्पॉन्सर्ड' किंवा 'प्रायोजित' असं लिहिलेलं असतं, पण तिकडे फारसं लक्ष जात नाही. गंमत म्हणजे ती लिंक आपण शोधलेल्या कंपनीचीच असेल असं नाही. ती तिच्या स्पर्धकाचीही असू शकते आणि त्या स्पर्धकाने चक्क या कंपनीच्या नावावर पैसे लावलेले असू शकतात.

दुसऱ्याने ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेलं नाव वापरून आपली जाहिरात दाखवणं ही चोरी नाही का? भारतातल्या न्यायालयांनी याचं उत्तर दिलं आहे. ते थोडक्यात सांगायचं तर, प्रत्येक वेळी नाही. पण कधी आहे आणि कधी नाही, हे समजून घेण्यासारखं आहे.

नावांचा हा लिलाव चालतो कसा?

गूगलवर जाहिरात देणारा आधी काही शब्द निवडतो. यांना 'कीवर्ड' म्हणतात. कुणी ते शब्द सर्च केले की क्षणार्धात एक लिलाव होतो आणि कोणाची जाहिरात वर दिसणार हे ठरतं. फक्त जास्त बोली लावणाराच जिंकतो असं नाही. जाहिरात शोधलेल्या गोष्टीशी किती जुळते, तिचा दर्जा कसा आहे, क्लिक केल्यावर उघडणारं पान कितपत उपयोगी आहे, हेही पाहिलं जातं. साधारणपणे कुणी क्लिक केलं तरच जाहिरातदाराला पैसे द्यावे लागतात.

समजा, कोल्हापुरातल्या एका मसाला कंपनीने वीस वर्षं खपून नाव कमावलं आहे. उद्या तिच्या स्पर्धकाने तेच नाव कीवर्ड म्हणून निवडलं, तर ग्राहक त्या नावाने शोधेल तेव्हा स्पर्धकाची जाहिरात वर येऊ शकते. मग मूळ कंपनीलाही आपल्याच नावावर बोली लावावी लागते. म्हणजे जो ग्राहक नाव विचारत दारात आला होता, त्याच्यासाठीही पैसे मोजायचे! व्यावसायिकांची खरी तक्रार हीच आहे.

दिल्ली उच्च न्यायालयात काय झालं?

'अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स' हे नाव वापरणारी डीआरएस लॉजिस्टिक्स ही कंपनी याच तक्रारीवरून गूगलविरुद्ध न्यायालयात गेली. आमचं नाव शोधलं की दुसऱ्यांच्या जाहिराती दिसतात आणि आमचे ग्राहक तिकडे वळतात, असं कंपनीचं म्हणणं होतं. गूगलचा युक्तिवाद असा की कीवर्ड ग्राहकाला दिसतच नाही, तो पडद्यामागे असतो. मग तो ट्रेडमार्कचा 'वापर' कसा म्हणायचा?

१० ऑगस्ट २०२३ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने निकाल दिला. त्यातले तीन मुद्दे महत्त्वाचे आहेत.

पहिला मुद्दा, कीवर्ड दिसत नसला तरी तो जाहिरातीतला वापरच आहे. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम २९ मध्ये जाहिरातीतल्या वापराचा उल्लेख आहे आणि कीवर्ड त्यात बसतो.

दुसरा मुद्दा, असा वापर झाला म्हणजे आपोआप ट्रेडमार्कचं उल्लंघन झालं, असं नाही. एखादं नाव शोधणाऱ्याला फक्त त्याच कंपनीची वेबसाइट हवी असते असं गृहीत धरता येत नाही. त्याला तुलना करायची असेल, दुसरे पर्याय पाहायचे असतील. उल्लंघन तेव्हा होतं, जेव्हा जाहिरात पाहून ग्राहकाची दिशाभूल होते किंवा दुसऱ्याच्या नावलौकिकाचा गैरफायदा घेतला जातो.

तिसरा मुद्दा थेट गूगलसाठी होता. गूगल इथे नुसता निरोप पोहोचवणारा मध्यस्थ नाही. ते कीवर्ड सुचवतं, त्यांचा लिलाव करतं आणि त्यातून पैसे कमावतं. त्यामुळे उल्लंघन सिद्ध झालं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ मध्ये मध्यस्थांना मिळणारं संरक्षण गूगलला मागता येणार नाही. कंपनीने तक्रार केली की गूगलने ती तपासायची आणि दिशाभूल होत असेल तर जाहिरात काढायची, हे निर्देशही कायम राहिले.

मग गोंधळ झाला की नाही, हे ठरवायचं कसं?

बाजारातलं उदाहरण घ्या. नावाजलेल्या दुकानाच्या शेजारी तुम्ही आपलं दुकान थाटलं, तर तो धंदा झाला. पण त्याच्याच नावाची पाटी लावून बसलात, तर ती फसवणूक झाली. न्यायालयं साधारण हाच फरक पाहतात.

'मेकमायट्रिप' आणि 'बुकिंग डॉट कॉम' यांच्या वादात हे स्पष्ट झालं. 'मेकमायट्रिप' हे नाव शोधलं की बुकिंग डॉट कॉमची जाहिरात दिसते, अशी तक्रार होती. एप्रिल २०२२ मध्ये एकल न्यायाधीशांनी मेकमायट्रिपच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. डिसेंबर २०२३ मध्ये खंडपीठाने तो रद्द केला. बुकिंग डॉट कॉम स्वतःच ओळखीचं नाव आहे, त्याची जाहिरात पाहून ती मेकमायट्रिपची आहे असं कुणाला वाटण्याची शक्यता नाही, असं खंडपीठाचं मत पडलं. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही यात हस्तक्षेप केला नाही.

नाव किती वेगळं आहे, यालाही महत्त्व आहे. 'भारत मॅट्रिमोनी'च्या कंपनीने गूगल आणि इतर विवाहविषयक वेबसाइटविरुद्ध दाद मागितली होती, तेव्हा २०१० मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई द्यायला नकार दिला. 'मॅट्रिमोनी'सारखा शब्द सेवेचं वर्णनच करतो, त्यावर एकट्याचा हक्क कसा सांगणार?

युरोपातही विचार साधारण याच दिशेने गेला. २०१० मध्ये युरोपीय न्यायालयाने लुई व्हितों आणि गूगलच्या प्रकरणात सांगितलं की, जाहिरात कोणाची आहे हे सामान्य जागरूक ग्राहकाला सहज कळत नसेल, तर ट्रेडमार्कचा मालक जाहिरातदाराला रोखू शकतो. मात्र कीवर्ड विकणारं गूगल स्वतः ट्रेडमार्क 'वापरत' नाही, असं त्या न्यायालयाने मानलं. दिल्लीच्या खंडपीठाने गूगलला जास्त जबाबदार धरलं, हा मोठा फरक.

छोट्या व्यावसायिकांनी काय करावं?

नाव नोंदवून घ्या. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. नोंदणी १० वर्षांसाठी असते आणि पुढे नूतनीकरण करता येतं. नाव नोंदवलेलं नसेल तरी 'पासिंग ऑफ' म्हणजे आपला माल दुसऱ्याच्या नावावर खपवल्याचा दावा करता येतो, पण तिथे आपला नावलौकिक आधी सिद्ध करावा लागतो.

अधूनमधून स्वतःचं नाव शोधून पाहा. दुसऱ्याची जाहिरात दिसली तर तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा. जाहिरातीच्या मजकुरात किंवा वेबसाइटच्या पत्त्यात तुमचं नाव वापरलं आहे का, हे आधी बघा. मजकुरात नाव असेल तर गूगलकडे ट्रेडमार्कची तक्रार करण्याची सोय आहे. नाव फक्त कीवर्डमध्ये असेल आणि जाहिरातीत स्पर्धकाने स्वतःचंच नाव स्वच्छ लिहिलं असेल, तर दावा कमकुवत ठरतो.

आणि ग्राहकांनी?

वर दिसतं तेच खरं, असं समजू नका. 'प्रायोजित' लिहिलंय का ते बघा आणि क्लिक करण्याआधी वेबसाइटचा पत्ता पूर्ण वाचा. जाहिरातीशेजारच्या तीन टिंबांवर क्लिक केलं की जाहिरातदाराची माहिती पाहता येते. सामान हलवणं, बँक, कस्टमर केअर अशा ठिकाणी तर ही सवय हवीच, कारण तिथे नाव चुकलं तर पैसेही जातात आणि ट्रकभर संसारही अनोळखी माणसाच्या हाती जातो. कायदा दाद देतो, पण ती क्लिक केल्यानंतर. क्लिकच्या आधीचे दोन सेकंद आपल्याच हातात असतात.