घरच्यांनी भोगायची शिक्षा

न्यूयॉर्क : या राज्याच्या तुरुंगांतून घरी केलेला फोन १ ऑगस्ट २०२५ पासून फुकट झाला. क्वीन्समधल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या बाईंनी ही बातमी मला जिन्यात थांबवून सांगितली. त्यांचा मुलगा उत्तरेकडच्या एका तुरुंगात आहे. त्याचा गुन्हा मोठा, शिक्षाही मोठी, आणि या दोन्हींबद्दल बाईंची तक्रार नाही. त्यांचं म्हणणं एवढंच : शिक्षा त्याला झाली, मग तिचा खर्च माझ्या पगारातून का जातो?

अमेरिकेत खटला चालेपर्यंत डांबलेला आरोपी सहसा काउंटीच्या कोठडीत असतो. केंद्राच्या कायद्याखालच्या गुन्ह्यांसाठी फेडरल तुरुंग आहेत. बाकीच्या मोठ्या शिक्षा राज्याच्या तुरुंगात भोगायच्या. देशातल्या कैद्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे दहा लाखांवर माणसं, अशा राज्य तुरुंगांत आहेत आणि प्रत्येक राज्याचे नियम निराळे आहेत. न्यूयॉर्कच्या कैद्यांत शहरातली माणसं पुष्कळ, पण तुरुंग मात्र लांब. १९८०च्या दशकात कैद्यांची संख्या भराभर वाढली, तेव्हा रोजगार बुडालेल्या उत्तरेकडच्या गावांना नवे तुरुंग मिळाले. डॅनेमोराचा क्लिंटन तुरुंग त्याहून कितीतरी जुना, १८४५चा. लोखंडाच्या खाणीत कैद्यांना राबवायला तो काढला होता. कॅनडाची सीमा तिथून जवळ आणि न्यूयॉर्क शहर पाचशे किलोमीटरच्या वर. कैदी त्याला ‘छोटा सैबेरिया’ म्हणतात. ऑसिनिंगचं सिंग सिंग हा अपवाद. ग्रँड सेंट्रलहून लोकल पकडली की तासाभरात तिथे पोचता येतं, आणि रूळ थेट तुरुंगाच्या आवारातून जातात.

१९७३पासून राज्य सरकार घरच्यांसाठी फुकट बस चालवत असे. २०११मध्ये पैसे वाचवायचे म्हणून ती बंद केली. आता खासगी व्हॅन असतात. त्या रात्री उशिरा शहरातून निघतात आणि पहाटे तुरुंगाच्या दारात सोडतात. व्हॅनमध्ये बहुतेक बायकाच असतात, मांडीवर झोपलेली मुलं घेऊन.

भेटीच्या आदल्या रात्री बाईंच्या घरी कपड्यांची निवड चालते, ती मी पाहिली आहे. तार असलेली ब्रा नको, कारण मेटल डिटेक्टर वाजला की रांगेतून बाहेर. गळा खोल नको, बाह्या हव्यात. ओळखपत्र आणि मुलाचा कैदी क्रमांक : दोन आकडे वर्षाचे, एक अक्षर, मग चार आकडे. हा क्रमांक घातला नाही तर पत्रही पोचत नाही. आत ठरवून दिलेल्या खुर्चीत बसायचं. आल्यावर एक मिठी, निघताना एक. कैद्याने यंत्रातून स्वतः खाऊ काढायचा नाही, म्हणून आईच उठते, बर्गर घेते, मायक्रोवेव्हमध्ये गरम करून त्याच्यापुढे ठेवते. बाईंना त्या दिवसातलं हेच सगळ्यात आवडतं. मुलगा चाळिशीचा आहे.

फोनची गोष्ट मार्था राइट यांच्यापासून सुरू होते. वॉशिंग्टनच्या या निवृत्त नर्सचा नातू तुरुंगात होता आणि त्याच्याशी बोलायचं बिल त्यांना पेलत नव्हतं. त्या २००० साली कोर्टात गेल्या आणि २००३ साली दूरसंचार आयोगाकडे. तोवर फोनचं कंत्राट म्हणजे कमाईचं साधन झालं होतं. न्यूयॉर्कमध्ये तर २००७पर्यंत बिलाचा निम्म्याहून मोठा वाटा कमिशन म्हणून सरकारच घेत असे. कैद्याची मजुरी तासाला काही सेंट, तेव्हा ते बिल भरणार कोण, हे सरकारला नीट ठाऊक होतं. मार्थाबाई २०१५ साली गेल्या. तुरुंगातल्या फोनच्या दरांबद्दलच्या, त्यांच्या नावाच्या कायद्यावर जानेवारी २०२३मध्ये राष्ट्राध्यक्षांची सही झाली. कनेटिकट, कॅलिफोर्निया, मिनेसोटा आणि मॅसॅच्युसेट्स यांनी न्यूयॉर्कच्या आधीच फोन फुकट केले होते. एका आजीचा हट्ट इतक्या लांब पोचला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पत्रांचं मात्र उलट चाललं आहे. पेन्सिल्वेनियात २०१८पासून कैद्याचं घरचं पत्र आधी फ्लोरिडातल्या एका कंपनीकडे जातं. तिथे ते स्कॅन होतं, कैद्याच्या हाती फक्त प्रत येते आणि मूळ कागद नष्ट केला जातो. कारण दिलं जातं अमली पदार्थांचं. कागदाला लावून ते आत येतात, ही भीती खोटी नाही. पण लेकीने रंगवलेलं चित्र बापाच्या हाती छापील पान होऊन पडतं, आणि हे मला पटत नाही. न्यूयॉर्कने २०२२मध्ये घरून खाऊचे डबे पाठवणं बंद केलं. आता दुकानदाराकडूनच माल मागवायचा, त्याच्या भावाने.

महाराष्ट्रात येरवड्याच्या किंवा नाशिकरोडच्या कैद्याला नियमात बसलं तर संचित रजा मिळते आणि तो काही दिवस घरी जाऊन येतो. इथे बहुतेकांना ते स्वप्नातही नाही. त्याऐवजी न्यूयॉर्कमध्ये १९७६पासून निवडक कैद्यांना तुरुंगाच्या आवारातल्या छोट्या घरात कुटुंबासोबत रात्रीचा मुक्काम करता येतो. देशात अशी सोय मोजक्या राज्यांतच आहे. तिथे नवरा स्वयंपाक करतो, मुलं त्याच्या शेजारी झोपतात.

घरच्यांच्या भेटींचा उपयोग सरकारी कागदांतच नोंदलेला आहे. मिनेसोटाच्या तुरुंग खात्याने २०११ साली सोळा हजारांवर सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास केला. ज्यांना भेटायला कोणी ना कोणी येत होतं, त्यांना नव्या गंभीर गुन्ह्यात शिक्षा होण्याची शक्यता १३ टक्क्यांनी कमी निघाली. तरीही काही बिनसलं की पहिली गदा भेटींवर येते. फेब्रुवारी २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंग रक्षकांनी संप केला, नॅशनल गार्डचे जवान बोलवावे लागले आणि राज्याच्या सगळ्या ४२ तुरुंगांत भेटी थांबल्या. मार्चमध्ये संप मिटला, पण भेटी लगेच पूर्ववत झाल्या नाहीत. त्या दिवसांत मुलगा जिवंत आहे का, एवढंच विचारायला बाई रोज कुठे ना कुठे फोन लावत होत्या.

आता मुलगाच फोन करतो. पूर्वी त्या मिनिटं मोजत तब्येत आणि वकील एवढंच बोलत. हल्ली तो त्यांच्याकडून वाटाण्याच्या भाताची कृती ऐकतो, दोघं बास्केटबॉलच्या सामन्यावर भांडतात. फोनचे वाचलेले पैसे बाई व्हॅनच्या भाड्यासाठी बाजूला टाकतात. फुकट बस पुन्हा सुरू करा, असं पत्र त्यांनी त्यांच्या आमदाराला लिहिलं आहे आणि इमारतीतल्या आम्हा सगळ्यांच्या सह्या त्याखाली घेतल्या आहेत.