जोयड्यात घर आणि जमीन

नोकरीतून निवृत्त होताना हाती येणारी पुंजी मोठ्या शहरात दोन खोल्यांनाही पुरत नाही. म्हणून अलीकडे पुष्कळ मध्यमवर्गीय कुटुंबांची दृष्टी गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्याकडे वळू लागली आहे. एखादा एकर जमीन, कौलारू घर, विहीर आणि परसात थोडी सुपारी, एवढीच त्यांची अपेक्षा असते. ती अवास्तव नाही. मात्र ती पुरी होण्यापूर्वी पुष्कळ कागद वाचावे लागतात. घर बांधून पाहण्याची म्हण आपल्या पूर्वजांनी केली. जमीन घेऊन पाहण्याची का केली नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

हा प्रथम सुपा तालुका. काळी नदीवरील सुपा धरण १९८७ मध्ये पुरे झाले, जुने सुपा गाव पाण्याखाली गेले आणि तालुक्याची कचेरी जोयड्यास आली. २००७ मध्ये येथील दांडेली व अणशीच्या अरण्यांचा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. २०१५ पासून त्यास काळी व्याघ्र प्रकल्प म्हणतात. तालुका विस्ताराने प्रचंड, परंतु २०११ च्या जनगणनेत वस्ती सुमारे ५२,००० भरली. कारण उघड आहे : बहुतेक भूमी सरकारी वनाची आहे आणि खासगी मालकीची शेते त्या वनात बेटांसारखी विखुरलेली आहेत. तेव्हा येथे जमीन अमाप असून स्वस्त मिळते, हा समज टाकून द्यावा. जी फारच स्वस्त म्हणून दाखविली जाते, तिच्यात बहुधा काही उणे असते.

येथे जमीन घेण्याचा अधिकार कोणास आहे? कर्नाटकाच्या १९६१ च्या जमीन सुधारणा कायद्यान्वये शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेण्याची बंदी होती. २०२० च्या दुरुस्तीने ती उठली. महाराष्ट्रातील नियम याहून कडक आहे, आणि बाहेरचे लोक इकडे येण्याचे तेही एक कारण असावे.

खरी मेख जमिनीच्या जातीत आहे. आपल्याकडे जसा सातबारा, तशी तेथे पहाणी. हा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे सर्व्हे नंबर, हिस्सा, गुंठा, खराबा हे शब्द आपणांस परके वाटणार नाहीत. लिपी मात्र कन्नड. घरात कोंकणी, बाजारात मराठी चालली, तरी कचेरीत कन्नडच चालते; म्हणून वाचून देणारा मनुष्य आपला असावा, विकणाऱ्याचा नसावा. नवव्या रकान्यात मालकाचे नाव असते, अकराव्यात बोजा व इतर हक्क. खराब्याचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन प्रकार असतात. पैकी ‘ब’ खराबा म्हणजे वाट, नाला, स्मशान अशा सार्वजनिक कामाची जागा. दोन एकर म्हणून दाखविलेल्या तुकड्यातून ती वजा केली, म्हणजे आपण नेमके कशाचे पैसे देतो ते कळते.

काही जमिनी तर विकताच येत नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला हक्क वारसांकडे जातो, परंतु त्याची विक्री होत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना सरकारने दिलेली जमीन १९७८ च्या कायद्याप्रमाणे सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून घेता येत नाही. घेतली तर ती मूळ कुटुंबास परत करविली जाऊ शकते, आणि दिलेले पैसे बुडतात. सुपारीच्या बागेबरोबर ‘बेट्टा’ दाखवितात. तो पालापाचोळा आणण्याचा हक्क आहे, मालकी नव्हे. वनात अतिक्रमण करून वर्षानुवर्षे कसलेल्या शेतालाही मालक म्हणविणारा भेटतो. त्याच्याशी बोलावे, चहा घ्यावा आणि निघावे.

वारसांची गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने आम्हां ख्रिस्ती लोकांत मृत्युपत्र नसल्यास मुलगा व मुलगी यांना सारखा वाटा मिळतो. हिंदू कुटुंबात २००५ च्या दुरुस्तीने मुलीही जन्मतः सहहिस्सेदार झाल्या. तरी लग्न होऊन गेलेल्या बहिणींना व्यवहाराची वार्ताही नसते. त्यांच्या सह्या नसतील तर तो व्यवहार मी अपुरा समजेन, थोरला भाऊ कितीही शपथा घेवो.

विकणाऱ्याचाही विचार करावा. येथील कुणबी कुटुंबे भात आणि कंदमुळे पिकवून अरण्याच्या आधाराने राहत आली आहेत. ज्याची सगळीच जमीन विकावयास निघाली आहे, तो उद्या कोठे जाईल, हे विचारणे घेणाऱ्याचे काम नाही असे व्यवहारी लोक म्हणतात. मला ते पटत नाही. त्याचे घर व भातखाचर त्याच्याकडेच राहील असा लहानसा तुकडा घ्यावा, शेजारही टिकतो.

जमीन पाहावयास जुलैत जावे. डिसेंबरात सर्वच वाटा कोरड्या असतात. वाट वनखात्याच्या जमिनीतून जात असेल तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्यामुळे केंद्राच्या मंजुरीशिवाय तेथे पक्का रस्ता होत नाही. मग चिरे, कौले, सिमेंट डोक्यावरून न्यावे लागते आणि खर्च वाढतो. विहिरीचे पाणी मात्र मेमध्ये पाहावे. गवे, रानडुकरे आणि माकडे पिकाचा वाटा मागणारच. कुंपणाचा पैसा आधीच बाजूस ठेवावा. माझ्या मते हातच्या रकमेपैकी निम्म्याहून अधिक जमिनीत घालू नये. मुद्रांक, नोंदणी, मोजणी, घराची दुरुस्ती आणि आजारपणात दांडेली वा कारवार गाठण्याचे भाडे हे सर्व उरलेल्या निम्म्यातच बसवायचे असते.

विसार देण्यापूर्वी बोजा प्रमाणपत्र काढावे आणि मोजणीदारासमक्ष हद्दीचे दगड पाहावेत. खरेदीखत झाल्यावरही काम उरते : फेरफार होऊन पहाणीवर आपले नाव चढेपर्यंत तहसील कचेरीच्या खेपा चुकवू नयेत.