किरणांची जखम आणि शस्त्रक्रिया

किरणोपचारांनी कर्करोगाची गाठ विरते, वर्ष-दोन वर्षे बरी जातात आणि मग डोकेदुखी, फिट, विसराळूपणा सुरू होतो. एमआरआयवर पांढरी कडी दिसते. रोग उलटला, असेच घरचे समजतात. पण नेमकी तशीच कडी किरणांनी मेलेल्या मेंदूच्या ऊतींचीही असते. हाच किरणजन्य ऊतिमृत्यू. मी वैद्यक शिकलेलो नाही. वैद्यकाच्या इतिहासाची पुस्तके चाळताना या विकारापाशी अडलो. कारण येथे शस्त्रक्रिया होते ती रोगावर नव्हे, उपचाराने केलेल्या जखमेवर.

१९३० साली फिशर आणि होल्फेल्डर या जर्मन डॉक्टरांनी क्ष-किरणांचा मेंदूवर उशिरा होणारा हा परिणाम नोंदवला. पुढे तो ठळकपणे दिसला दक्षिण चीनमध्ये. ग्वांगडुंग प्रांतात नाकामागच्या घशाचा कर्करोग बराच आढळतो आणि किरणोपचार हा त्यावरचा मुख्य, गुणकारी इलाज आहे. पण ही जागा कवटीच्या तळाला लागून आहे. तिच्या वर, दोन्ही बाजूंना, मेंदूचे शंखखंड म्हणजे कानशिलांमागचे भाग येतात. स्मरणशक्तीचा मोठा भार त्यांच्यावर. कर्करोगातून वाचलेल्या काही रुग्णांना काही वर्षांनी तेथेच इजा झालेली आढळली.

किरणांनी सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते, रक्तपुरवठा आटतो. प्राणवायूला आसुसलेल्या ऊती नव्या वाहिन्या फुटण्यासाठी 'व्हीईजीएफ' नावाचे प्रथिन सोडतात. पण त्या वाहिन्या कच्च्या असतात, पाझरतात. सूज वाढते, दाब वाढतो, रक्तपुरवठा आणखी कमी होतो आणि हे चक्र चालू राहते.

पहिला उपाय स्टिरॉइडचा. दुसरा, व्हीईजीएफला रोखणाऱ्या बेव्हॅसिझुमॅबचा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अवघ्या १४ रुग्णांच्या चाचणीत त्याचा स्पष्ट गुण दिसला. औषधांना दाद न देणारी सूज, वाढता दाब किंवा निदानाची शंका असेल, तर कवटी उघडावी लागते. मृत भाग काढला की दाब लगेच उतरतो आणि व्हीईजीएफचा उगमच गेल्याने भोवतालची सूजही ओसरू लागते. शिवाय काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जातो आणि गाठ की मृत ऊती, याचे सर्वांत भरवशाचे उत्तर मिळते. कधी दोन्ही एकत्र सापडतात.

जोखीम मात्र आहेच. किरण घेतलेली टाळूची त्वचा नीट सांधत नाही. बेव्हॅसिझुमॅबनेही जखम भरणे लांबते, म्हणून ते थांबवून काही आठवडे वाट पाहतात. वाचा किंवा हालचाल सांभाळणाऱ्या भागात तर सुरी फार जपून चालवावी लागते. खोलवरच्या जागी बारीक छिद्रातून लेसर तंतू घालून तो भाग उष्णतेने नष्ट करण्याचा मार्गही आता आहे.

पांढऱ्या कडीला गाठ समजून पुन्हा किरण दिले, तर मूळ जखमच वाढते. किरणोपचार झालेल्या माणसाच्या स्कॅनवर नवी कडी उमटली, तर पुढचा उपचार ठरवण्याआधी घरच्यांनी डॉक्टरांना विचारावे : ही गाठ आहे, की किरणांची जखम?