शालेय परसबाग आणि परिसर-शिक्षण : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

प्राथमिक शाळेच्या आवारातील परसबागेचा विचार सामान्यतः दोन दृष्टींनी केला जातो. पहिली दृष्टी आहाराची होय. २०१९ साली केंद्र शासनाने शालेय पोषण-बागांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या, त्यांत बागेतील भाजीपाला मध्यान्ह भोजनात वापरला जावा ही अपेक्षा प्रमुख आहे. दुसरी दृष्टी श्रमसंस्काराची. मुलांना मातीत हात घालण्याची लाज वाटू नये, हा तिचा हेतू. दोन्ही हेतू स्तुत्य आहेत. परंतु यवतमाळसारख्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात त्यांपैकी दुसरा हेतू फारसा लागू पडत नाही. निंदणी, वेचणी, गुरे राखणे ही कामे येथील अनेक मुले घरीच करीत असतात. अशा मुलाला शाळेतील वाफा असे काय शिकवू शकेल, की जे त्याला बापाच्या शेतात शिकता येत नाही? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या प्रश्नाची पूर्वपीठिका यवतमाळच्या शेजारीच घडली. वर्धा नदी ओलांडली की ज्या जिल्ह्याची हद्द सुरू होते, तेथे २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, आणि तिने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने त्याच वर्षी डिसेंबरात आपला अहवाल सादर केला. मूलोद्योग, नैसर्गिक परिसर व सामाजिक परिसर या तीन केंद्रांभोवती सर्व विषयांची गुंफण करावी, असे समितीचे सूत्र होते. सूतकताई व सुतारकामाबरोबरच शेती आणि फळे-भाजीपाल्याची बागाईत यांनाही तिने मूलोद्योगाचे स्थान दिले. दैनंदिन वेळापत्रकात उद्योगासाठी तीन तास वीस मिनिटे राखून ठेवली होती. उत्पन्नातून शिक्षकाचे वेतन निघावे या कल्पनेवर तेव्हाच कठोर टीका झाली. मूल कारागीर बनेल, विद्यार्थी राहणार नाही, अशी शंका घेण्यात आली. ही शंका निराधार नव्हती. किती किलो भाजी निघाली एवढ्यावरच बागेचे यश मोजले, तर आजही तोच दोष उत्पन्न होईल. सेवाग्राम येथे २००५ साली पुन्हा सुरू झालेल्या आनंद निकेतन शाळेत शेती व स्वयंपाक ही शिकण्याची साधने मानली जातात, हे या दृष्टीने लक्षणीय आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कोरडवाहू शेतकऱ्याला प्रयोग परवडत नाही. पहिल्या पावसावर पेरावे, तर उघडीप पडून बी करपण्याची भीती. थांबावे, तर हंगाम हातचा जाण्याची धास्ती. दुबार पेरणी म्हणजे बियाण्याचा दुप्पट खर्च आणि बहुधा नवे कर्ज. साहजिकच शेतात मूल काम शिकते, पण 'असे केले नसते तर काय झाले असते?' हा प्रश्न विचारण्याची मुभा त्याला तेथे नसते. शाळेच्या वाफ्यात ही मुभा आहे. तेथील चूक मूठभर चवळीच्या किमतीत भागते. चुकण्याची ही मोकळीक हेच शालेय बागेचे खरे शैक्षणिक भांडवल होय.

उदाहरणार्थ, पर्जन्यमापनाचा प्रयोग घेऊ. सरळ भिंतीचे, सपाट तळाचे एक भांडे उघड्यावर ठेवून चौथी-पाचवीच्या मुलांनी रोज सकाळी साचलेल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये नोंदवावी. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे कळले की गुणाकाराला अर्थ येतो. तीन मीटर लांब व एक मीटर रुंद वाफ्यावर दहा मिलिमीटर पाऊस पडला, तर तीस लिटर पाणी मिळाले. जिल्ह्याचे वार्षिक पर्जन्यमान सुमारे नऊशे मिलिमीटर धरल्यास पन्नास चौरस मीटरच्या छपरावर वर्षाकाठी पंचेचाळीस हजार लिटर पाणी पडते, हा हिशेब मुलांनी स्वतः करावा. त्याच नोंदवहीच्या आधारे तीन लहान वाफ्यांत एकच बी आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरावे आणि किती उगवले ते मोजावे. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नये, हा कृषितज्ज्ञांचा सल्ला मग ऐकीव राहत नाही. तो खरा ठरतो की नाही, हे मुले आपल्या वहीत पाहू शकतात. इतर सर्व स्थिती समान ठेवून एकच गोष्ट बदलावयाची, हा शास्त्रीय पद्धतीचा गाभा येथे व्याख्येवाचून हाती लागतो.

दुसरे उदाहरण वर्गीकरणाचे. भेंडी, अंबाडी आणि कापूस ही तिन्ही झाडे एकाच कुळातील. तिघांची फुले शेजारी शेजारी ठेवली, तर पाच पाकळ्या आणि मध्यभागी नळीसारखे एकत्र जुळलेले पुंकेसर मुलांना सहज दिसतात. भाजीच्या वाफ्यातील भेंडी ही घरच्या पऱ्हाटीची नातलग आहे, हे समजले की बोंडअळीला भेंडी का आवडते, याचाही उलगडा होतो.

येथे एक गंभीर संदर्भ लक्षात घेतला पाहिजे. २०१७ च्या खरीप हंगामात कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात सुमारे वीस शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. या घटनेची कारणे अनेक होती. शाळेच्या बागेने ती दूर होणार नाहीत. तथापि, पानावरची प्रत्येक अळी शत्रू नसते, हे ज्ञान बालवयात होऊ शकते. चवळीवर मावा पडला की काही दिवसांत ढालकिडे येतात. त्यांची काळसर, लांबट अळी प्रौढ किड्याहून इतकी वेगळी दिसते, की अजाणता तीच प्रथम मारली जाते. मुलांनी रोज एकाच फांदीवरील मावा व ढालकिडे मोजले, तर भक्ष्य आणि भक्षक यांचा संबंध आकड्यांतून दिसू लागतो. शाळेच्या आवारात विषारी औषध आणू नये, हा नियम मात्र निरपवाद असावा.

व्यवहारातील अडचण वेळापत्रकाची आहे. उन्हाच्या तीव्रतेमुळे विदर्भातील शाळा सामान्यतः जूनच्या उत्तरार्धात उघडतात. म्हणजे शालेय वर्षाचा आरंभ खरिपाशी जुळतो, परंतु उन्हाळी सुटीत बाग ओसाड पडते. त्यावर हळहळण्यापेक्षा बागेची आखणीच तदनुसार करावी. पावसाळ्यात चवळी, भेंडी, अंबाडी. हिवाळ्यात मेथी, पालक, मुळा. आणि मार्चअखेर बी धरून वाफे रिकामे करावेत. कायम राहावयाची झाडे शेवगा, कढीपत्ता, लिंबू अशी निवडावीत. साठ मुलांनी हात धुताना प्रत्येकी अर्धा लिटर पाणी वापरले, तरी रोज तीस लिटर होते. ते चर काढून या झाडांकडे वळविता येते. उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती पावसाने फुगून पुन्हा कशी मिटते, हेही दरवर्षी नोंदण्याजोगे आहे.

आणखी एक मुद्दा भाषेचा. जिल्ह्यातील कोलाम वस्त्यांमधून येणाऱ्या मुलांची घरची भाषा कोलामी आहे. पाठ्यपुस्तकातील मराठी शब्दांपुढे गप्प बसणारे मूल रानभाज्यांची व वेलींची नावे स्वभाषेत सहज सांगते. वाफ्याजवळच्या पाटीवर दोन्ही नावे लिहिली, तर त्या दिवशी शिक्षक शिकणारा होतो आणि मूल शिकविणारे.

सारांश, बागेचे मूल्यमापन करताना टोपलीइतकेच मुलांच्या नोंदवहीकडे पाहावे. पीक बुडाले, पण ते का बुडाले याची तारीखवार नोंद मुलांपाशी असली, तर पाठ यशस्वी झाला असे मानावे. ज्या प्रदेशात पिकाच्या अपयशाची किंमत कुटुंबांनी फार मोठी मोजली आहे, तेथे अपयशाचा शांतपणे अभ्यास करता येईल अशी हातभर जमीन मुलांना देणे हे प्राथमिक शाळेचे कर्तव्यच ठरते.